आठवड्याच्या पेटीत काय जाणार हे पेरणीच्या दिवशीच ठरतं

तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. छोटं शेत आहे, ४० कुटुंबांना दर आठवड्याला भाजीची पेटी जाते, पैसे हंगामाच्या सुरुवातीलाच घेतलेत. पहिले दोन महिने सगळे खूश होते, मग लागोपाठ तीन आठवडे पालक आणि मुळाच गेला, त्यानंतर काकडीचा पूर आला, टोमॅटो उशिरा आले, फळं जवळपास नाहीतच, आणि आता काही मेंबर पुढच्या हंगामाला नको म्हणतायत. तुम्ही विचारताय की अजून कुठल्या भाज्या वाढवू, फळांचं काय करू, घरी गेल्यावर भाजी लवकर खराब होते त्याला काय उपाय, आणि कमी पडलं तर बाहेरून आणून भरायचं का.

मी बरीच वर्षं हेच काम करतेय त्यामुळे सविस्तरच लिहिते. आधी एक स्पष्ट सांगते, तुमच्याकडे भाज्यांचे प्रकार कमी नाहीयेत. तुम्ही दिलेल्या यादीत २२ पिकं आहेत, चाळीस घरांसाठी तेवढी पुरेशी आहेत. अडचण पेरणीच्या तारखांची आहे, एकेक पीक एकदाच आणि भरपूर लावलं की ते एकदाच आणि भरपूर येणार, आणि पेटी तर दर आठवड्याला थोडी थोडी मागते. प्रकार २२ चे ३० केलेत तर कामं वाढतील, बियाणं वाढेल, आणि तरीही लागोपाठ तीन आठवडे मुळा जाईलच.

दुसरं, लोक पेटी सोडतात ते भाजी कमी आली म्हणून फार क्वचित. भाजी उरते, फ्रिजमध्ये सडते, टाकून द्यावी लागते आणि टाकताना मनाला लागतं, दोन-तीन वेळा असं झालं की लोक म्हणतात आपल्याला नाही जमत हे. कोणी तसं तोंडावर सांगत नाही, वेळ नाही म्हणतात, बाहेरगावी जातोय म्हणतात. म्हणून पेटी मोठी करून माणसं टिकत नाहीत, संपणारी पेटी दिली की टिकतात.

आता पेरणी. पिकांचे माझ्या डोक्यात तीन गट आहेत आणि तिन्हींचं वेळापत्रक वेगळं ठेवावं लागतं. पहिला गट म्हणजे एकदा काढलं की संपलं, मुळा, गाजर, बीट, कोबी, फ्लॉवर. दुसरा गट कापून परत फुटणाऱ्यांचा, पालक, बऱ्याच पालेभाज्या, कोथिंबिरीचेही काही वाण. तिसरा गट तोडत राहायचा, भेंडी, काकडी, बीन्स, वांगी, टोमॅटो, मिरची. पहिल्या गटाला सारखं सारखं पेरावं लागतं, दुसऱ्याला दोन-तीन कापण्यांनंतर नवीन वाफा तयार पाहिजे कारण पुढची कापणी बारीक आणि जरठ येते, आणि तिसऱ्या गटात एकाच वेळी जास्त झाडं लावायचा मोह टाळायचा. तुमचा काकडीचा पूर तिथूनच आलाय. जेवढे वेल तुम्ही एकदम लावलेत तेवढ्याच वेलांचे तीन भाग करा आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने लावा, पहिले वेल थकायला लागतात तोवर दुसरे सुरू होतात. भेंडी आणि बीन्सलाही तेच, बीन्सला दोन-तीन आठवड्यांचं अंतर चालतं.

पेरणीपासून काढणीपर्यंतच्या दिवसांचा अंदाज साधारण असा धरा. छोटा गोल मुळा २५ ते ३० दिवस, लांब पांढरा ४० ते ६०, पालक ३५ ते ४५, भेंडी आणि काकडी ४५ ते ६०, बीन्स ५० ते ६०, बीट ५५ ते ६५, गाजर ७० ते ९०, टोमॅटो रोप लावल्यापासून ६० ते ८०, कोबी-फ्लॉवर रोप लावल्यापासून वाणाप्रमाणे ६० ते ९० किंवा त्याहून जास्त, कांदा रोपापासून १०० ते १२०, रताळं आणि लाल भोपळा ९० ते १२०. हे आकडे पाकिटावरही असतात, पण पाकिटावरचा आकडा चांगल्या हवामानातला असतो आणि तिथेच गणित चुकतं. हवा गार होत जाते, दिवस लहान होत जातो तेव्हा पीक हळू चालतं, एका आठवड्याच्या अंतराने केलेल्या दोन पेरण्या काढणीला दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने येऊ शकतात. हवा गरम होत असताना बरोबर उलटं, दहा दिवस उशिरा पेरलेला वाफा आधीच्याला जवळपास गाठतो आणि दोन्ही एकदम तयार होतात. म्हणून थंडीकडे जाताना पेरण्या जवळजवळ करायच्या आणि उन्हाळ्याकडे जाताना लांब लांब करायच्या. वर्षभर सरसकट दर पंधरा दिवसांनी पेरलं की पेटीत कधी दुष्काळ कधी पूर हे ठरलेलंच. विषुववृत्तापासून लांबच्या प्रदेशात जिथे दिवस १० तासांपेक्षा लहान होतो तिथे तर वाढ जवळजवळ थांबतेच, तिथले लोक त्या आधीच भाजी पूर्ण वाढवून ठेवतात आणि मग फक्त काढत राहतात.

तुमचे टोमॅटो उशिरा का आले त्याचंही कारण बहुतेक हवेतच आहे. दिवसा ३२-३५ अंशांच्या वर आणि रात्री साधारण २१-२२ च्या वर तापमान राहिलं की टोमॅटोचा पराग नीट काम करत नाही, फुलं येतात आणि गळून जातात. झाड हिरवंगार दिसतं, माणूस खत घालत बसतो, पण फळ धरतच नाही. मग रात्री गार झाल्या की एकदम धरायला लागतं. यावर औषध नाही, लावणीची तारीख अशी पकडायची की फुलोरा त्या गरम आठवड्यांत येऊ नये, आणि त्या आठवड्यांत पेटीत टोमॅटोच्या जागी दुसरं काहीतरी असेल हे आधीच धरून चालायचं. लेट्यूसचं बी जमिनीचं तापमान २७-३० च्या पुढे गेलं की झोपून राहतं, पालकही गरम मातीत नीट उगवत नाही आणि मोठ्या दिवसांत पटकन फुलावर जातो, कोथिंबिरीलाही गरमीत लगेच दांडा येतो. गरम हवेत पालेभाजीच द्यायची असेल तर राजगिऱ्याच्या पानांची भाजी किंवा चवळईसारखी उष्णता मानवणारी पालेभाजी लावा, पालकाशी भांडत बसू नका.

किती लावायचं ते मागून पुढे मोजा. उदाहरण म्हणून गाजर घ्या. चाळीस घरं, प्रत्येकी अर्धा किलो, म्हणजे एका वेळेला २० किलो. समजा तुमच्या वाफ्यातून मीटरला ४ किलो निघतं, तर ५ मीटर. त्यात किडलेलं, फाटलेलं, न उगवलेलं यासाठी २५ टक्के वाढवा, सव्वासहा मीटर. हंगामात गाजर सहा वेळा द्यायचंय तर एकूण साडेसदतीस मीटर लागतील. पण एकदम नको, गाजर गार हवेत जमिनीत दोन आठवडे आरामात थांबतं म्हणून एका पेरणीतून दोन पेट्या काढा, म्हणजे साडेबारा मीटरच्या तीन पेरण्या. प्रत्येक पिकाला हे असं करायचं, आणि मीटरला किती निघतं हा आकडा माझा किंवा पुस्तकातला घेऊ नका, तुमच्या मातीचा तुमच्याच वहीत हवा, नसेल तर या हंगामात वजनकाटा शेताच्या तोंडाशी ठेवून लिहायला सुरुवात करा.

इथे एक गोष्ट फार उपयोगी पडते, कुठलं पीक शेतात वाट बघतं आणि कुठलं बघत नाही हे. गाजर, बीट, कोबी गार हवेत वाट बघतात. मटार, ब्रोकोली, मक्याची कोवळी कणसं, भेंडी, काकडी अजिबात बघत नाहीत. भेंडी आणि काकडी तर पेटीचा दिवस असो नसो, एक दिवसाआड तोडावीच लागते, एक फळ जरी पिकून वेलावर राहिलं तरी वेल बी तयार करण्याच्या मागे लागतो आणि नवीन फळ कमी होतं. म्हणून प्रत्येक आठवड्यात वाट बघणारं एकतरी पीक शेतात उभं असेल असं बघा, तुमची उशी तीच. कोबीला अजून एक सोपी युक्ती आहे, लवकर येणारा, मधला आणि उशिरा येणारा असे तीन वाण एकाच दिवशी लावायचे, एकाच लावणीत काढणी महिनाभर पसरते आणि रोपवाटिकेचं काम एकदाच.

आता पेटी भरण्याबद्दल, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावरच. बहुतेक जण पेटी भरताना शेतात आज काय आहे ते बघतात आणि टाकतात. मी पेटी भरताना हे बघते की हे घरात कोणत्या दिवशी खाल्लं जाईल. सात ते नऊ गोष्टी पुरतात. त्यातल्या दोन अशा ज्या पहिल्या दोन दिवसांत संपवायच्या, कोवळी पालेभाजी, मक्याचं कणीस, पिकलेली नाजूक फळं. तीन-चार अशा ज्या आठवड्याच्या मध्यापर्यंत टिकतात, भेंडी, बीन्स, काकडी, वांगी, ब्रोकोली. आणि दोन अशा ज्या पुढच्या आठवड्यापर्यंत गेल्या तरी बिघडत नाहीत, गाजर, बीट, कोबी, कांदा, भोपळ्याची फोड नव्हे तर छोटा अख्खा भोपळा. तुमच्या त्या तीन आठवड्यांच्या पेट्या आठवा, पालक, मुळ्याचा पाला, अजून एक पालेभाजी, कोथिंबीर, पुदिना, म्हणजे पाच गोष्टी दोन दिवसांत खायच्या. चार माणसांचं घर इच्छा असूनही ते संपवू शकत नाही, आणि तिसऱ्या दिवशी पिवळं पान दिसलं की वाटतं भाजी शिळी पाठवली. भाजी ताजीच होती, फक्त सगळ्या भाज्यांचा खायचा दिवस एकच होता.

पालेभाजी पेटीत दोनच, त्यातही एक शिजवून खायची आणि एक कच्ची चालणारी, आणि तीच पालेभाजी सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त नाही. घराघरात रोज लागणाऱ्या गोष्टींपैकी, म्हणजे कांदा, टोमॅटो, बटाटा, मिरची यातलं निदान काहीतरी प्रत्येक पेटीत हवंच, कारण तेवढं आलं की बाकी अनोळखी गोष्टीही शिजतात. अनोळखी भाजी एका पेटीत एकच आणि थोडी. नवलकोल किंवा फेनल (बडीशेपेच्या जातीचा गड्डा) पहिल्यांदा देताना अर्धा किलो देऊ नका, दोन नग द्या, आवडलं तर लोक स्वतःहून मागतात. आणि पेटीत एखादी गोष्ट अशी ठेवा जी घरी पोचल्या पोचल्या उभ्याउभ्या खाता येईल, कोवळी काकडी, चेरी टोमॅटो, मटाराच्या शेंगा, लहान मुलं असलेल्या घरात पेटी टिकते ती बरेचदा याच एका गोष्टीवर.

वजनापेक्षा मापही बघा. चार मिरच्या आणि एक वांगं असं देऊ नका, एका वेळच्या भाजीला पुरेल तेवढं नसेल तर ते त्या आठवड्यात देऊच नका, पुढच्या आठवड्यात अर्ध्या घरांना आणि त्यापुढच्या आठवड्यात उरलेल्या अर्ध्यांना द्या आणि तसं लिहून कळवा. कोणाला काय गेलं ते मात्र वहीत हवं, नाहीतर एकाच घराला दोनदा फ्लॉवर आणि शेजारच्याला एकदाही नाही असं होतं आणि शेजारी बोलतात एकमेकांशी.

घरी लवकर खराब होण्याचं अर्ध कारण शेतातच असतं. काढणीनंतर भाजी जिवंतच असते, श्वास घेते, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की हा श्वास साधारण दोन ते तीन पट वाढतो. म्हणजे सकाळी काढलेली पालेभाजी दोन तास उन्हात क्रेटमध्ये राहिली तर घरात टिकण्याचा बराच वेळ तिने शेतातच खर्च केला. मक्याच्या कणसाचं तर फार वाईट, ३० अंशांत ठेवलं तर साध्या गोड वाणातली निम्म्याहून जास्त साखर एका दिवसात जाते, शून्याच्या जवळ ठेवलं तर अगदी थोडी जाते. मटारालाही हीच घाई.

म्हणून क्रम असा ठेवा. टिकाऊ माल, गाजर, बीट, कोबी, आदल्या दिवशी काढून सावलीत गार जागी. पालेभाजी त्याच दिवशी ऊन चढायच्या आत, पहिली कात्री पालेभाजीलाच, आणि कापली की लगेच सावली, स्वच्छ गार पाण्यात बुडवून पानातली गरमी काढायची, मग पाणी पूर्ण निथळू द्यायचं. निथळणं सोडू नका, ओलं पान बंद पिशवीत गेलं की सडतंच. गाजर-बीट-मुळ्याचा पाला लगेच कापा, पाला मुळातलं पाणी ओढत राहतो आणि गाजर दोन दिवसांत मऊ पडतं. पाला खाण्यासारखा असेल तर वेगळी जुडी करून द्या. टोमॅटो पूर्ण लाल होईपर्यंत झाडावर ठेवायची गरज नाही, रंग फुटायला लागला की तोडा, घरी चांगला पिकतो आणि वाटेत चिरडत नाही. कांदा, लसूण, बटाटा, भोपळा, नाजूक बेरी यांना पाणी लावूच नका, माती झटकून द्या. आणि भाजी शेवटची ज्या पाण्यात धुताय ते पिण्याजोगं पाहिजे, कारण यातलं काहीतरी कच्चं खाल्लं जाणार आहे. कच्च्या शेणखताबद्दलही कडक राहा, अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत मातीला टेकणाऱ्या पिकासाठी खत घातल्यापासून काढणीपर्यंत १२० दिवस आणि बाकीच्यांसाठी ९० दिवसांचं अंतर सांगितलंय, तुमच्याकडे तसा नियम असो नसो, पाळायला चांगला आहे.

उरलेलं अर्ध कारण घरातलं, आणि ते मेंबरांना कळवणं हे आपलंच काम आहे. लोक पेटी आली की सगळं उचलून फ्रिजमध्ये कोंबतात. पालेभाजी, गाजर, बीट, कोबी, ब्रोकोली, मटार यांना थंडी आणि ओलावा दोन्ही हवा, ते सैल पिशवीत किंवा ओलसर फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये बरोबर. पण टोमॅटो, काकडी, वांगी, भेंडी, तुळशीच्या जातीतला बेझिल हे गरम हवेतले, यांना साधारण १० अंशांखालची थंडी बाधते, काकडीवर पाणथळ खड्डे पडतात, वांग्याच्या बिया काळ्या पडतात, टोमॅटोची चव जाते, बेझिल काळा होतो. हे बाहेर सावलीत ठेवून दोन-तीन दिवसांत खावेत, अगदीच कडक उन्हाळा असेल तर फ्रिजच्या दारात, जिथे थंडी सगळ्यात कमी असते. बटाटा अंधारात, कारण उजेडात तो हिरवा होतो आणि त्यात सोलॅनिनसारखी विषारी द्रव्यं वाढतात, फ्रिजमध्येही नको, चार-पाच अंशांत स्टार्चची साखर होते. कांदा कोरड्या खेळत्या हवेत आणि बटाट्यापासून लांब.

आणि पिकणारी फळं वेगळी. केळं, सफरचंद, आंबा, पपई, पिकलेला टोमॅटो यातून इथिलीन वायू निघतो, त्याच्याशेजारी पालेभाजी पिवळी पडते, काकडी पिवळी पडते, गाजर कडू होतं. पेटीतसुद्धा फळं आणि पालेभाजी एका बंद पिशवीत घालू नका, फळं कागदी पिशवीत वेगळी. एवढं सगळं दर आठवड्याला लिहून पाठवायचं नाही, कोणी वाचत नाही. पेटीत हाताएवढी चिठ्ठी घाला, त्यावर तीन ओळी: आधी हे खा, हे फ्रिजबाहेर ठेवा, हे पुढच्या आठवड्यापर्यंत चालेल. नवीन भाजी असेल तर ती कशी शिजवायची एक ओळ. ही चिठ्ठी घालायला लागल्यावर माझ्याकडे भाजी खराब झाल्याच्या तक्रारी खूपच कमी झाल्या.

फळांचं गणित भाजीपेक्षा वेगळं आहे कारण झाडाला दर पंधरा दिवसांनी पेरता येत नाही. झाड वर्षातून एकदा देतं, काही आंब्या-सफरचंदासारखी एक वर्ष भरपूर आणि एक वर्ष कमी देतात, आणि नवीन लावलेल्या बहुतेक झाडांना यायला तीन ते पाच वर्षं लागतात. म्हणून फळांचं वचन भाजीच्या पेटीत देऊच नका. भाजीची पेटी ठरलेली ठेवा, फळ आलं तर ते त्यात भर. लवकर सुरुवात करायची असेल तर पपई चांगल्या जागी दहा-अकरा महिन्यांत सुरू होते, केळीचा घड साधारण वर्षभरात किंवा थोडा पुढे येतो, स्ट्रॉबेरी गार हवेत काही महिन्यांत, आणि कलिंगड-खरबूज तर भाजीसारखेच पेरायचे, ८० ते १०० दिवसांत. बांधावर झाडं लावताना एकाच वाणाची दहा लावू नका, लवकर, मध्यम, उशिरा अशी मिसळा म्हणजे तेच फळ पाच-सहा आठवडे पसरतं.

तोडणीच्या वेळेबद्दल एक नक्की लक्षात ठेवा, सगळी फळं तोडल्यावर पिकत नाहीत. केळी, आंबा, पपई, चिकू, सफरचंद, नाशपाती तोडल्यावर पिकतात, यांना पूर्ण वाढलेलं पण कडक असताना तोडून देता येतं आणि खरं तर तसंच द्यावं, एका घराला थोडी आज खायची आणि थोडी तीन दिवसांनी पिकणारी. पण द्राक्षं, लिंबूवर्गीय फळं, स्ट्रॉबेरी, अननस, कलिंगड, डाळिंब ही तोडल्यावर गोड होत नाहीत. मेंबर ओरडतात म्हणून आठवडाभर आधी कलिंगड तोडलं तर ते फिकंच राहणार. कलिंगडाचं जमिनीला टेकलेलं ठिकाण पिवळसर झालं आणि देठाजवळची कुरळी दोरी वाळली की तोडा, तोवर पेटीत नाही आलं तरी चालेल.

दोन हंगामांच्या मधले आठवडे हा प्रत्येकाकडे येणारा प्रकार आहे, जुनं संपलेलं असतं आणि नवीन अजून लहान असतं. ते तुमच्या कॅलेंडरवर कुठे आहेत ते आत्ता, लाल पेनाने, खूण करा. हे आठवडे पालेभाजीने भरता येत नाहीत, ते साठवणीच्या मालाने भरायचे. कांदा, लसूण, बटाटा, रताळी, भोपळा यांची एक लावणी फक्त त्या आठवड्यांसाठी करा आणि आधी हात लावू नका. साठवायच्या आधी कातडी पक्की होऊ द्या, रताळी साधारण ३० अंशांत आणि दमट हवेत चार ते सात दिवस, भोपळा उबदार कोरड्या हवेशीर जागी आठ-दहा दिवस, आणि भोपळा देठासकट तोडायचा, देठ तुटला की तिथून सड लागते. कांद्याची मान पूर्ण वाळली पाहिजे. नंतर रताळी १३ ते १५ अंशांत आणि भोपळा १० ते १५ अंशांत महिनोन्महिने राहतो. तरी एखाद-दुसरा आठवडा रिकामा जाईल, तर हंगामाच्या सुरुवातीलाच सांगा की अमुक इतक्या पेट्या मिळतील आणि अमुक सुमारास एक-दोन आठवडे सुट्टी असेल. आधी सांगितलेल्या सुट्टीवर कोणी रागावत नाही. शेतकऱ्याकडून थेट पेटी घ्यायची ही पद्धत मुळात त्याच विश्वासावर उभी राहिली, जपानमध्ये १९७० च्या दशकात तेइकेई नावाने शेतकरी आणि शहरातली कुटुंबं थेट जोडली गेली, अमेरिकेत १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशरमधल्या दोन शेतांनी सुरुवात केली, आणि दोन्हीकडे घेणारा नुसता गिऱ्हाईक नव्हता, चांगल्या-वाईट हंगामात त्याचाही वाटा होता. तुमच्या मेंबरांना हे कधी समोर बसून सांगितलंय का ते बघा, एकदा शेतावर बोलवा, गळलेली टोमॅटोची फुलं दाखवा.

आवडीनिवडीचं विचारलंय तर प्रत्येकाला हवं ते निवडू देऊ नका, चाळीस घरांत पॅकिंगला माणूस पुरणार नाही आणि टोमॅटो सगळे नेतील, बीट कोणीच नाही. दोन गोष्टी करा. पेटी घ्यायला लोक येतात तिथे एक अदलाबदलीचा क्रेट ठेवा, नको ते त्यात टाकायचं आणि त्यातलं हवं ते उचलायचं. आणि लहान पेटी सुरू करा, दोन माणसांच्या घरांसाठी, पाच-सहा गोष्टींची. सोडून जाणाऱ्यांना एकदा विचारून बघा, त्यातल्या काहींना लहान पेटी चालेल असं मला वाटतं. भरपूर येईल तेव्हाचा जास्तीचा माल बळजबरीने पेटीत कोंबू नका, बाजूला मोठ्या क्रेटमध्ये ठेवा, ज्यांना लोणचं-सॉस करायचा ते नेतील.

राहिला बाहेरून माल आणायचा प्रश्न. शेजारच्या ओळखीच्या शेतावरचा माल घ्यायला माझी हरकत नाही, उलट फळांसाठी मी तेच सुचवेन, ज्याची बाग आहे त्याच्याशी हंगामाआधी बोलून ठेवा, त्याने काय फवारलंय ते बघा, आणि चिठ्ठीवर त्या फळासमोर स्पष्ट लिहा की हे आपल्या शेतातलं नाही, शेजारच्या बागेतलं आहे. घाऊक बाजारातून आणून न सांगता भरू नका, अगदी एका आठवड्यापुरतं, एका भाजीपुरतंसुद्धा. तो आठवडा पाच गोष्टींची पेटी द्या, उरलेली भर पुढच्या दोन पेट्यांत करा आणि तसं त्याच दिवशी कळवा. आणि आत्ता लगेच करायचं काम म्हणजे तुमच्या त्या २२ पिकांची यादी घेऊन प्रत्येकासमोर पुढच्या हंगामाच्या पेरणीच्या सगळ्या तारखा लिहा, ज्या पिकासमोर एकच तारीख येतेय आणि ते साठवणीचंही नाही तिथे आधी हात घाला. यादी तयार झाली की टाका इथे, काकडी आणि टोमॅटोच्या तारखा आपण बसवून बघू.